घटक ५ : खाणगावांचा रस्ता – प्रवासलेखन आणि स्थानिक इतिहास

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला पुढील गोष्टी साध्य होतील :
• प्रवासलेखनात स्थानिक इतिहास कोणत्या मार्गांनी येतो, हे सांगता येईल.
• रस्ता, गावाचे नाव, घरे, पाण्याची सोय, स्मारके यांचे इतिहासाची साधने म्हणून वाचन करता येईल.
• माहिती, आख्यायिका आणि पुरावा यांतील भेद ओळखता येईल.
• ऑस्ट्रेलियातील खाणगावांच्या उदाहरणावरून स्वतःच्या परिसराविषयी टिपण लिहिता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, आधीच्या घटकांत आपण प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराचे स्वरूप आणि त्यातील निवेदकाचे स्थान यांचा विचार केला. प्रवासवर्णनात निसर्ग येतो, माणसे येतात, प्रवाशाचे स्वतःचे मन येते. इतिहास मात्र पुष्कळदा माहितीफलकावरून उतरवून घेतलेल्या चार ओळींच्या रूपाने येतो. असा इतिहास लेखनात उपरा राहतो. तो वगळला तरी वर्णनाचे काही बिघडत नाही, आणि हीच त्यातली उणीव असते. प्रवाशाने जे डोळ्यांनी पाहिले, त्याचा अर्थ ज्या इतिहासावाचून लागत नाही, तो इतिहास प्रवासलेखनाला खऱ्या अर्थाने हवा असतो.

हे समजून घेण्यासाठी आपण एक रस्ता निवडला आहे. दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याची राजधानी ॲडलेड येथून ईशान्येकडे निघून शेजारच्या न्यू साउथ वेल्स राज्यातील ब्रोकन हिल या खाणनगरीपर्यंत तो जातो. अंतर पाचशे किलोमीटरांहून थोडे अधिक आहे. वाटेत बराच काळ ‘बॅरियर हायवे’ या हमरस्त्याची सोबत असते. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील कोरड्या, विरळ वस्तीच्या प्रदेशाला तेथे ‘आउटबॅक’ म्हणतात. आपला रस्ता सुपीक शेतांमधून निघून या प्रदेशात शिरतो. शक्य असल्यास नकाशा समोर ठेवून हा घटक वाचावा.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ खाणगावाला विचारायचे चार प्रश्न

खाणगाव हे सामान्य गावासारखे वसत नाही. नदीकाठ, बाजारपेठ, देवस्थान किंवा सुपीक जमीन पाहून माणसे तेथे येत नाहीत. जमिनीखाली खनिज सापडते आणि त्यासाठी जेथे पाणी नाही, सावली नाही, तेथेही गाव उभे करावे लागते. म्हणून अशा गावाकडे पाहताना चार प्रश्न क्रमाने विचारावेत :

(१) जमिनीतून काय काढले?
(२) ते काढण्यासाठी बाहेरून काय आणावे लागले?
(३) त्याची किंमत कोणी मोजली?
(४) मागे काय उरले आणि त्यातले काय जपले गेले?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक गावाच्या वेशीवरील फलक देतो. उरलेल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे प्रवाशालाच शोधावी लागतात. खाणगावाचा इतिहास मुख्यतः या तीन उत्तरांमध्ये असतो, हे या घटकाचे मध्यवर्ती प्रतिपादन आहे.

५.२.२ पहिला मुक्काम : बरा

ॲडलेडपासून सुमारे १६० किलोमीटरांवर ‘बरा’ हे गाव लागते. १८४५ मध्ये येथे मेंढपाळांना तांब्याचे खनिज आढळले. जमीन सरकारकडून विकत घेण्यासाठी दोन गट पुढे आले. एक गट धनिकांचा आणि दुसरा ॲडलेडच्या दुकानदार-व्यापाऱ्यांचा होता. एकट्याने पूर्ण रक्कम उभी करणे दोघांनाही जमेना, म्हणून त्यांनी जमीन एकत्र घेतली आणि सोडत काढून तिचे दोन भाग केले. उत्तरेचा भाग दुकानदारांना मिळाला. पुढे प्रसिद्धीस आलेली खाण त्याच भागात निघाली. धनिकांच्या वाट्याच्या दक्षिण भागातील खाण लवकरच बंद पडली. खनिज प्रथम पाहणाऱ्या मेंढपाळांच्या हाती मात्र फारसे काही लागले नाही.

हा किस्सा रंजक आहे आणि प्रवासलेखक तो हमखास सांगतो. परंतु येथे थांबल्यास आपण पहिल्या प्रश्नापाशीच थांबतो. दुसरा प्रश्न विचारला की गावाचा नकाशा बोलू लागतो. जुन्या वस्त्यांची नावे पाहा : कूरिंगा, रेडरूथ, ॲबरडीन. रेडरूथ हे इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील खाणगावाचे नाव, तर ॲबरडीन हे स्कॉटलंडमधील शहराचे. कथील आणि तांब्याच्या खाणींत पिढ्यान्‌पिढ्या काम केलेले कॉर्नवॉलचे खाणकामगार येथे आले. खनिज गाळण्याचे काम जाणणारे वेल्सचे लोक आले. १८५० च्या दशकात मालवाहतुकीसाठी दक्षिण अमेरिकेतून खेचरे आणि ती हाकणारी माणसेही आणली गेली. भट्ट्यांसाठी आसपासची झाडे तोडली गेली. एका खाणीसाठी तीन खंडांतली माणसे आणि जनावरे या ओढ्याकाठी एकत्र आली.

आता तिसरा प्रश्न. कूरिंगा ही कंपनीची वस्ती होती. तेथे घर हवे तर कंपनीला भाडे द्यावे लागे आणि घरेही पुरेशी नव्हती. तेव्हा अनेक कामगारांनी ओढ्याचा मातीचा काठ कोरून त्यातच खोल्या केल्या. वर जमिनीतून धुराडे काढले, पुढे दार लावले आणि आत संसार मांडला. १८५१ च्या सुमारास अशा कोरीव घरांत सुमारे १,८०० माणसे राहत होती. दिवसा माणूस जमिनीखाली राबे आणि रात्री जमिनीतच झोपे. त्या वर्षी ओढ्याला पूर आले आणि ही घरे पाण्याखाली गेली. आज त्यांपैकी दोन घरे जपून ठेवली आहेत. आत वाकून शिरावे लागते. तेथे उभे राहिल्यावर खाणीच्या नफ्याचा आकडा आणि भाडे वाचवण्यासाठी कोरलेली ही खोली यांतील अंतर वाचकाला शब्दांवाचून कळते. प्रवासलेखकाने असे ठिकाण निवडावे. भावनेचे भाष्य तेथे वेगळे करावे लागत नाही.

खाण १८७७ मध्ये बंद पडली. विसाव्या शतकात १९७१ ते १९८१ या काळात उघड्या खोदाईने पुन्हा काही तांबे काढण्यात आले. आज तेथे हिरवट पाण्याने भरलेला खड्डा, जुन्या यंत्रगृहाच्या दगडी भिंती आणि कामगारांच्या चाळवजा घरांची रांग पाहायला मिळते.

एक सूचना. ‘बरा’ हे नाव ‘बडा’ या हिंदुस्थानी शब्दावरून आले असावे, असे एक मत सांगितले जाते. ते मूलनिवासींच्या भाषेतून आले असावे, असेही म्हटले जाते. हा प्रदेश न्गाजुरी लोकांचा. मराठी प्रवाशाला पहिले मत मोहक वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आवडलेली व्युत्पत्ती म्हणजे सिद्ध झालेली व्युत्पत्ती नव्हे. अशा ठिकाणी दोन्ही मते नोंदवून पुढे जावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) बरा येथील कामगारांनी ओढ्याच्या काठात घरे का कोरली?
(आ) वस्त्यांच्या नावांवरून कोणती ऐतिहासिक माहिती मिळते?

५.२.३ न दिसणारी रेषा आणि न बदलणारे घड्याळ

बरा सोडल्यावर शेते विरळ होतात. टेरोवी या गावाच्या आसपास आपण ‘गॉयडरची रेषा’ ओलांडतो. जॉर्ज गॉयडर हे दक्षिण ऑस्ट्रेलियाचे प्रमुख सर्वेक्षण अधिकारी होते. मोठ्या दुष्काळानंतर, १८६५ मध्ये, त्यांनी घोड्यावरून हिंडून वनस्पती कोठे बदलतात हे पाहिले आणि नकाशावर एक रेषा आखली. रेषेच्या दक्षिणेला पिकांपुरता पाऊस भरवशाचा आहे, उत्तरेला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १८७० च्या दशकात पाऊस चांगला झाला, लोकांना धीर आला आणि सरकारने रेषेपलीकडची जमीनही शेतीसाठी खुली केली. नांगरटीमागून पाऊस येतो, अशीही समजूत त्या काळी रूढ होती. १८८० च्या दशकात पुन्हा दुष्काळ पडला आणि शेतकरी उद्ध्वस्त झाले. रस्त्यालगत दिसणारी छप्पर नसलेली दगडी घरे त्या काळाची साक्ष देतात. ‘ओसाड, गूढ अवशेष’ असे त्यांचे वर्णन करणे सोपे आहे. परंतु त्यांत गूढ काही नाही. इशारा दिलेला असताना घेतलेल्या एका निर्णयाचा तो परिणाम आहे. इतिहास ठाऊक असला की विशेषण बदलते, ते असे.

पुढे कोबर्न या छोट्या गावापाशी राज्याची सीमा लागते. राज्य बदलले की घड्याळ अर्धा तास पुढे करायला हवे. परंतु ब्रोकन हिलमध्ये गेल्यावर कळते की हे शहर न्यू साउथ वेल्समध्ये असूनही दक्षिण ऑस्ट्रेलियाची वेळ पाळते. याचे कारण रेल्वेत आहे. सिडनी येथून अकराशे किलोमीटरांहून दूर, तर दक्षिण ऑस्ट्रेलियाचे बंदर त्या मानाने जवळ. दक्षिण ऑस्ट्रेलियाने सीमेपर्यंत लोहमार्ग आणला, परंतु न्यू साउथ वेल्सने त्याला आपल्या हद्दीत येऊ दिले नाही. अखेर सीमेपासून खाणीपर्यंतचा तुकडा एका खासगी कंपनीने बांधला. १८८८ मध्ये सुरू झालेल्या या मार्गाचे नाव ‘सिल्व्हरटन ट्रामवे’ असे होते, परंतु प्रत्यक्षात ती पूर्ण रेल्वेच होती. ती १९७० पर्यंत चालली. चांदी-शिशाचे खनिज पश्चिमेकडे गेले आणि अन्न, कोळसा, लाकूड पश्चिमेकडून आले. म्हणून घड्याळही पश्चिमेचे राहिले. शहराच्या एका साध्या सवयीत त्याचा सारा आर्थिक इतिहास साठलेला असू शकतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(अ) रस्त्यालगतच्या पडक्या घरांचा गॉयडरच्या रेषेशी काय संबंध आहे?
(आ) ब्रोकन हिल शेजारच्या राज्याची वेळ का पाळते?

५.२.४ सिल्व्हरटन आणि ब्रोकन हिल

ब्रोकन हिलपासून सुमारे २५ किलोमीटरांवर सिल्व्हरटन आहे. १८८० च्या दशकाच्या मध्यावर तेथे सुमारे तीन हजार वस्ती होती. ब्रोकन हिलचे खनिज अधिक समृद्ध ठरताच माणसे तिकडे गेली आणि जाताना पुष्कळांनी आपली घरेही उचलून गाड्यांवर लादून नेली. आज सिल्व्हरटनमध्ये मोजकी माणसे, काही दगडी इमारती आणि त्यांच्यामधले रिकामे भूखंड आहेत. ‘मॅड मॅक्स २’ या १९८१ च्या चित्रपटाचे चित्रीकरण याच परिसरात झाले, म्हणून पर्यटक येतात. येथे रिकाम्या जागाच वाचायच्या असतात. ते भूखंड ब्रोकन हिलच्या वाढीचा हिशेब सांगतात.

ब्रोकन हिलची कथा १८८३ मध्ये सुरू होते. माउंट गिप्स या मेंढपाळीच्या मोठ्या वाडीवर कुंपणांची देखरेख करणारा चार्ल्स रास्प हा जर्मनीत जन्मलेला माणूस. एका खडबडीत टेकडीवरचा काळा दगड कथिलाचा असावा, असे त्याला वाटले. त्याने सहकाऱ्यांसह जागेवर हक्क नोंदवला. तेथे कथील नव्हते. शिसे, चांदी आणि जस्त यांचा सुमारे सात किलोमीटर लांबीचा खनिजपट्टा होता. १८८५ मध्ये ‘ब्रोकन हिल प्रोप्रायटरी’ ही कंपनी स्थापन झाली. तीच पुढे बीएचपी या नावाने जगातील मोठ्या खाण कंपन्यांपैकी एक झाली. तिने १९३९ मध्ये येथील काम थांबवले. शहराने कंपनीला नाव दिले, परंतु कंपनी शहरात राहिली नाही. ज्या टेकडीवरून शहराला नाव मिळाले, ती टेकडीही खोदाईत संपली.

रस्त्यांची नावे येथेही उपयोगी पडतात. अर्जेंट, ऑक्साइड, सल्फाइड, क्लोराइड, कोबाल्ट, आयोडाइड या नावांचे रस्ते पाहून आपण रसायनशास्त्राच्या पुस्तकात फिरत आहोत, असे वाटते. मात्र गावाला ज्याची सर्वाधिक चणचण होती, त्याचे नाव या यादीत नाही. ते म्हणजे पाणी. सुरुवातीच्या वर्षांत पाण्याच्या टंचाईत विषमज्वराच्या साथी आल्या. दुष्काळात रेल्वेने पाणी आणावे लागे. १८९२ मध्ये स्टीफन्स क्रीकचा जलाशय झाला, १९५२ मध्ये डार्लिंग नदीवरील मेनिंडीहून नळ आला आणि २०१९ मध्ये मरे नदीकाठच्या वेंटवर्थहून सुमारे २७० किलोमीटरांची जलवाहिनी आली. पाण्याचा स्रोत दर वेळी दूर सरकत गेला, हे या तीन वर्षांवरून ध्यानात येते.

जळणासाठी आणि आधाराच्या खांबांसाठी आसपासची झाडे गेली, तेव्हा धुळीची वादळे शहरावर येऊ लागली. खाणीत खनिजांची तपासणी करणारे अल्बर्ट मॉरिस यांना वनस्पतींचा छंद होता. गुरे आणि ससे आत येऊ दिले नाहीत तर स्थानिक झाडेझुडपे पुन्हा उगवतील, असे त्यांचे मत होते. १९३६ पासून शहराभोवती कुंपण घालून हिरवा पट्टा राखण्यास सुरुवात झाली. आजही तो आहे. मागे काय उरले, या चौथ्या प्रश्नाचे हे एक आशादायक उत्तर आहे. दुसरे उत्तर कठोर आहे. मातीत आणि धुळीत शिसे उरले, आणि शहरातील लहान मुलांच्या रक्तातील शिशाची तपासणी आजही करावी लागते.

५.२.५ नावांची भिंत आणि भिंतीबाहेरची नावे

शहराच्या मध्यभागी खाणीच्या टाकाऊ दगडांचा डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर २००१ मध्ये खाणकामगारांचे स्मारक उभारले गेले. त्यावर खाणीत मरण पावलेल्या आठशेंहून अधिक कामगारांची नावे आहेत. नावांपुढे मृत्यूचे कारण नोंदलेले आहे. फलकावर ‘श्रमवीर’ असे एकच मोठे विशेषण लिहिले असते, तर ते वाचून आपण पुढे गेलो असतो. कारणांची यादी वाचताना मात्र पाय थबकतात. याच कामगारांनी मे १९१९ ते नोव्हेंबर १९२० असा अठरा महिने संप केला. त्यांची कुटुंबे संघटनेने दिलेल्या शिध्यावर जगली आणि संपाअंती आठवड्याला ३५ तासांचे काम मान्य झाले.

परंतु कोणतेही स्मारक वाचताना त्यावर कोण नाही, हेही विचारावे लागते. ब्रोकन हिलपुरती तीन उदाहरणे घेऊ.

पहिले, उंटवाले. रेल्वे पोहोचत नव्हती तेथे माल उंटांवर जाई. १८६६ मध्ये टॉमस एल्डर यांनी कराचीहून शंभराहून अधिक उंट आणि ३१ उंटवाले आणले. कराची त्या वेळी मुंबई इलाख्यात होती. या लोकांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत, परंतु त्यांत बलुची, पठाण, पंजाबी, सिंधी असे अनेक होते. त्यांची पत्र्याची छोटी मशीद ब्रोकन हिलच्या उत्तर भागात आजही उभी असून स्थानिक इतिहास मंडळाने तिचे जतन केले आहे. याच वस्तीची दुसरी आठवण रक्ताची आहे. १ जानेवारी १९१५ रोजी, महायुद्धाच्या काळात, सहलीला निघालेल्या आगगाडीवर या वस्तीशी संबंधित दोघांनी तुर्कस्तानचा ध्वज लावून गोळीबार केला. चार निरपराध माणसे मारली गेली, ते दोघेही प्राणास मुकले. त्या रात्री जमावाने जर्मन लोकांचा क्लब जाळला. खनिज शोधणारा रास्प जर्मन होता, हे तेव्हा कोणी आठवले नसावे. दोन्ही आठवणी एकाच लेखात ठेवणे हे लेखकाचे कर्तव्य आहे. एकीसाठी दुसरी लपवू नये.

दुसरे, स्त्रिया. मजूर-हक्कांसाठी लढलेल्या याच शहरात विवाहित स्त्रियांनी नोकरी करू नये, असा कामगार परिषदेचा दंडक अनेक दशके चालला. संपाच्या काळात शिध्यावर घर चालवणाऱ्या स्त्रियांची नावे कोणत्याही भिंतीवर नाहीत.

तिसरे, ज्यांची ही भूमी, ते विल्याकाली लोक. २०१५ मध्ये ब्रोकन हिल हे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारसा यादीत समाविष्ट होणारे पहिले शहर ठरले. त्याच वर्षी न्यू साउथ वेल्सच्या पश्चिमेकडील विस्तीर्ण प्रदेशावर बार्किंजी आणि मल्यांगापा लोकांचा भूमिहक्क संघीय न्यायालयाने मान्य केला. त्यासाठी त्यांना अठरा वर्षे दावा लढवावा लागला. शहराच्या कथेचा आरंभ १८८३ मध्ये करायचा की त्याआधी, हा प्रश्न त्यामुळे केवळ शैलीचा राहत नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न – ३
(अ) मृत्यूची कारणे नोंदवल्याने स्मारकाच्या परिणामात काय फरक पडतो?
(आ) ‘अफगाण’ या नावाखाली कोणते समूह झाकले गेले?

५.३ सारांश

खाणगावाचा इतिहास जमिनीतून काय निघाले एवढ्यावर संपत नाही. ते काढण्यासाठी आणलेली माणसे, जनावरे, पाणी आणि लाकूड, त्यापायी गेलेले जीव व आरोग्य, आणि मागे उरलेले अवशेष यांतून तो उलगडतो. बरा येथील कोरीव घरे, गॉयडरच्या रेषेपलीकडची पडकी घरे, ब्रोकन हिलचे घड्याळ, सिल्व्हरटनचे रिकामे भूखंड आणि स्मारकावरील नावे ही सारी साधने रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही दिसतात. पाहणे आणि वाचणे यांत फरक आहे, आणि प्रवासलेखनाची खोली त्या फरकावर ठरते.

५.४ पारिभाषिक शब्द, शब्दार्थ

आउटबॅक : ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील कोरडा, विरळ वस्तीचा प्रदेश.
खनिजपट्टा : खडकात लांबवर पसरलेला धातुयुक्त थर.
आख्यायिका : परंपरेने सांगितली जाणारी, पुराव्याने सिद्ध न झालेली कथा.
भूमिहक्क : मूलनिवासींच्या परंपरागत भूमीवरील कायद्याने मान्य झालेला अधिकार.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. (अ) कंपनीच्या घरांचे भाडे टाळण्यासाठी आणि घरे अपुरी असल्यामुळे. (आ) कामगार आणि रहिवासी कोणत्या प्रदेशांतून आले याची.
२. (अ) रेषेपलीकडे शेती करणारे शेतकरी १८८० च्या दशकातील दुष्काळात उद्ध्वस्त झाले, त्यांची ती घरे आहेत. (आ) त्याची रेल्वे, बंदर आणि व्यापार दक्षिण ऑस्ट्रेलियाशी जोडलेले होते म्हणून.
३. (अ) गौरवाच्या एका विशेषणाऐवजी प्रत्येक मृत्यू वेगळा, प्रत्यक्ष घडलेला म्हणून समोर येतो. (आ) बलुची, पठाण, पंजाबी, सिंधी इत्यादी.

५.६ स्वाध्याय

(१) ‘इतिहास ठाऊक असला की विशेषण बदलते’ हे विधान दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.
(२) स्मारक हे इतिहासाचे साधन म्हणून वापरताना कोणती काळजी घ्यावी, ते लिहा.
(३) गावाच्या नावाची व्युत्पत्ती प्रवासलेखनात कशी मांडावी?

५.७ क्षेत्रीय कार्य

तुमच्या गावातील किंवा जवळची बंद पडलेली खाण, गिरणी, कारखाना किंवा रेल्वे स्थानक निवडा. कामावरून येता-जाता दिसणारी जागा निवडली तरी चालेल. तेथे तासभर हिंडा, तेथे पूर्वी काम केलेल्या किमान एका व्यक्तीशी बोला आणि वरील चार प्रश्नांच्या आधारे ५०० शब्दांचे टिपण लिहा. जे तुम्ही पाहिले, जे ऐकले आणि जे कागदपत्रांत सापडले, ते वेगवेगळे नोंदवा. शेवटी एका वाक्यात लिहा : या जागेच्या फलकावर कोणाचे नाव असायला हवे होते?